बुडालेल्या थडग्यांची नावं

लुयांदो सियातेमा सिनाझोंग्वे गावच्या छोट्या रेडिओ केंद्रात आवाज सांभाळायची. धरणाच्या सरोवराखाली ज्यांची गावं गेली, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोलणी तिनं वस्त्या-वस्त्यांत फिरून रेकॉर्ड केली होती. त्यांतली बहुतेक माणसं आता मातीत गेली होती. आवाज तेवढे आतल्या खोलीतल्या काळ्या पेटीत, ओळीनं बसवलेल्या डिस्कांवर राहिले होते. तिच्या बापाचाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात वीज फडफडली आणि पेटीवरचा एक दिवा लाल झाला. लुयांदोनं मेलेली डिस्क काढून नवी बसवली. हरवलेला मजकूर बाकीच्या डिस्कांवरून मोजून काढत पेटी तो नवीवर उतरवू लागली. काम निम्म्यावर आलं नाही तोच आणखी एक दिवा लाल झाला.

दारात तंत्रज्ञ हाकालिमा उभा होता. त्याच्या नि तिच्या कुळांत थट्टेचं नातं. मयतीतसुद्धा टोमणे मारायचा त्याला हक्क.

"गेला तुझा म्हातारा दुसऱ्यांदा," तो म्हणाला. "या खेपेला तरी बैल काप. मागच्या वेळी कोंबड्यांवर भागवलंस."

"तोंड आवर. एकच हिशेब ठेवला असता तर गेलाच असता. इथे प्रत्येक ओळीमागे दोन हिशेब आहेत. एक सगळ्या डिस्कांवरच्या आकड्यांची साधी बेरीज. दुसऱ्यात ज्या डिस्कची जशी जागा, तसं तिच्या आकड्याला वजन. दोन डिस्कांचे आकडे हरवले तरी दोन्ही निघतात."

"आणि तिसरी गेली तर?"

"मग तूच काप बैल."

ती बोलली खरी, पण अजून लाल न झालेले दिवे तिनं एकेक करून मोजले.

त्याच दुपारी बापाच्याच बुडालेल्या गावची नामूंगा म्हातारी काठी टेकत आली. पावसाच्या पूजेत बुडालेल्या थडग्यांची नावं घ्यायची होती आणि ती सगळी एकट्या लुयांदोच्या बापाला पाठ होती.

"पेटी आजारी आहे, आजी. आत्ता ताण दिला तर—"

"पाऊस थांबणारे का गं तुझ्या पेटीपायी?"

लुयांदोनं बापाचं रेकॉर्डिंग मधूनच, नावं सुरू होतात तिथून लावलं. तो गेल्यावर ते ऐकायचं धाडस तिला झालं नव्हतं. आवाज स्वच्छ आला, खोकल्यासकट. त्यातला कितीतरी भाग त्या घडीला कुठेच लिहिलेला नव्हता. उरलेल्या डिस्कांवरून पेटी तो जागच्या जागी मोजून काढत होती, आणि बाप बोलत होता. नावामागून नाव. मग तो थबकला.

"लुयांदो. नदीच्या वळणावर, चिंचेखाली."

तिनं रेकॉर्डिंग थांबवलं. "हिशेब चुकला," ती पुटपुटली.

"चुकला नाही," नामूंगा म्हणाली. "तुझ्या आधीची ती, थोरली बहीण. धरणाचं पाणी चढलं ते सगळ्यांत आधी तिच्या थडग्यावर. तू जन्मलीस ती रडायचीच थांबेनास. गेलेल्या कुणाकुणाची नावं घेऊन पाहिली. तिचं घेतलं नि गप्प झालीस, म्हणून तेच तुला ठेवलं."

दुसऱ्या मेलेल्या डिस्कच्या जागी चोमा शहराहून नवी आली. तिसरा दिवा लाल झाला नाही. पेटी भरून निघाल्यावर लुयांदोनं पडताळणीचा आकडा काढला. रेकॉर्डिंगच्या दिवशीच्या आकड्याशी तो तंतोतंत जुळला. एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

मग हाकालिमाला शेजारी बसवून तिनं ते पहिल्यापासून ऐकलं. नावं सुरू व्हायच्या जरा आधी बाप म्हणतो, "जा पोरी, पाणी आण." तिची पावलं दूर जातात. यंत्र चालूच राहिलेलं. बाकीची नावं संपल्यावर बाप आवाज खाली आणून ते नाव घेतो. मग बराच वेळ नुसता वारा. आणि समोर कुणीतरी बोलत असावं तसा तो मधून मधून म्हणतो, "हो... हो गं."

हाकालिमानं टोमणा मारला नाही. "एक प्रत राजधानीत, लुसाकाला पाठवू," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशीच्या बसनं ती रवाना झाली.

तेव्हापासून मागून कुणी नावानं हाक मारली, तर लुयांदो आधी वळून बघते, हाक आपल्याला की तिला. मगच ओ देते.