आउटबॉक्समध्ये राहिलेला होकार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. लाजेपोटी गप्प राहिले असेन, असं तुम्हाला वाटेल. लाज वाटतेच — पण तुम्ही समजाल त्या गोष्टीची नाही.

तेव्हा आम्ही विश्रांतवाडीत राहायचो. घरी फोनच्या तारेवरून इंटरनेट, आणि ते देणाऱ्या कंपनीनेच दिलेला ईमेलचा पत्ता, नवरा-बायकोत मिळून एक. श्रीकांत, माझा नवरा, कारखान्यात इंजिनिअर. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत हेल्पडेस्कवर. रोज कुणीतरी घरचा लॅपटॉप घेऊन समोर उभं — "मॅडम, मेल येतायत, पण जात नाहीयेत." जाणार कशा? परक्या नेटवर्कवरून आलेली मेल घरच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर पुढे पाठवायचाच नाही. ती आउटबॉक्समध्ये बसून राहायची. सेटिंगमध्ये एका सर्व्हरचं नाव बदललं की काम फत्ते. एक ओळ! मी ती डोळे मिटून बदलली असती.

तर श्रीकांतला अमेरिकेत नोकरी लागली. पेढे वाटले गेले. मला कुणी विचारलं? सासूबाईंनी माझ्याकडे स्वेटर आहे का, तेवढं विचारलं. त्याच्या व्हिसावर मला तिथे नोकरी करता येणार नव्हती. "थोडे दिवस आराम कर की," श्रीकांत म्हणाला. आराम! मी काय आजारी होते?

होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. गुरुवारी कुणीतरी रस्ता खणला, आमचा फोन बंद. श्रीकांतला त्याच दिवशी कामासाठी कोल्हापूरला निघायचं होतं. होकार लिहून तयार होता. लॅपटॉप माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "उद्या तुमच्या ऑफिसात जोड आणि पाठव. विसरू नकोस हं."

विसरले नाही. शुक्रवारी सकाळीच जोडला, सेंड दाबलं. आलेल्या मेल भराभर उतरल्या — आणि त्याचा होकार अडकला. अडकणार हे मला माहीत नव्हतं का? माझं पोट त्यावरच चालत होतं. ती ओळ मी बदलली नाही. लॅपटॉप मिटला आणि चहाला गेले. चहा गोड लागला, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडे त्याचा फोन आला. "गेली का गं?"

"सेंड दाबलं की," मी म्हणाले. शब्द खरा होता ना? सापही मरावा आणि काठीही मोडू नये — दुसरं काय!

रविवारी तो परतला, तर मेल जागच्या जागी. मी "अगंबाई" म्हणाले. हो, तेही केलं. सोमवारी कळलं, ती जागा दुसऱ्याला गेली. श्रीकांत पलंगाच्या कडेला बसून राहिला, आणि मग — मलाच समजावू लागला. "तुझा काय दोष? नेटवर्कच तसलं." हेल्पडेस्कवरच्या बायकोला हे कसं कळलं नाही, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याने विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. नाही — नसतंच सांगितलं.

राहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्याच कंपनीत मी पुढे विभागप्रमुख झाले, आणि ती खुर्ची मला कुणी पेढ्याबरोबर दिली नव्हती. लाज आहे ती वेगळी. "मी येणार नाही" हे तीन शब्द मी त्याच्या तोंडावर बोलले नाही. तो भांडला असता, रुसला असता, कदाचित एकटा गेला असता. ते ठरवणं त्याचं होतं. मी ते त्याच्यापासून चोरलं, आणि वर त्याच्याकडून समजूतही काढून घेतली.

त्याने पुन्हा कुठे अर्ज केला नाही. आता निवृत्त आहे. सोसायटीला पाण्याच्या तक्रारीची मेल केली तरी बाहेरच्या खोलीतून हाक येते — "अगं, गेली का बघ जरा. तुला त्यातलं कळतं."

मी चष्मा लावते, बघते, आणि सांगते — गेली.