दूधवाल्यांची साक्ष

फोन लागला की तो आधी म्हशीची खुशाली विचारायचा. “चारा खाती का? पान्हा सोडती का?” माणसांची चौकशी त्यानंतर. केज तालुक्यातल्या आमच्या सहकारी दूध संघात तो संकलन सुपरवायझर होता आणि मी दूध तपासायला. तो इतक्या मोठ्यानं बोलायचा की तुला फोनची गरजच काय, असं आम्ही चिडवायचो.

फोन संघाचा, सिमही संघाच्या नावावर. पण गावोगावच्या दूधवाल्यांना संघ म्हणजे तो नंबर, आणि नंबर म्हणजे तो. सिमवरच्या यादीत त्यानं माणसांची नावं घातलीच नव्हती. ‘काळी म्हैस, नाल्याजवळ’, ‘मारकी गाय’. मारकी गाय हे एका सरपंचांचं घर होतं, एवढंच सांगतो.

मग दुष्काळ पडला. संघाचा टँकर आज आला तर उद्या नाही, केंद्रावर दूध नासू लागलं. अध्यक्षांच्या गोठ्यातलं दूध मात्र खासगी डेअरीला जात होतं. आम्ही सगळे बघत होतो, बोलत कुणी नव्हतं. शेवटी तोही त्याच डेअरीत नोकरीला गेला. जाताना मोटारसायकल दिली, किल्ल्या दिल्या, फोनसुद्धा दिला. सिम तेवढं काढून घेतलं.

“अरे, ते संघाचं हाय,” मी म्हणालो.

“नंबर बदलला तर लोकं फोन कुणाला करतील? दूध नासंल की.”

त्यानं एकेकाला फोन केला. “टँकरची वाट बघू नका, इकडं घाला.” लोकांनी घातलं. तेव्हा कुठं संघाला आपली गुपितं आठवली. विश्वासघात, गोपनीय माहितीची चोरी, असा गुन्हा दाखल झाला. डेअरीनं त्याला लगेच काढून टाकलं. दूधवाले मात्र ठेवून घेतले.

सरकारी वकिलांनी दूधवाल्यांनाच साक्षीला बोलावलं. ते धुतलेल्या टोप्या घालून आले. आपल्या माणसाची अब्रू वाचवायला आलोय, अशी त्यांची समजूत.

“संघ सोडल्यावर यांनी फोन केला होता?”

“केला की! लई चांगला माणूस. आधी म्हस कशी हाय इचारलं.”

“कुठल्या नंबरवरून?”

“संघाच्याच. दुसऱ्यावरून कशापायी करतील?”

“आणि दूध कुठं घालायला सांगितलं?”

“डेअरीला. म्हणून तर आमची जनावरं जगली, सायेब.”

सगळेच असे भरभरून बोलले. त्याचा वकील डोकं धरून बसला. हा आरोपीच्या पिंजऱ्यातून प्रत्येकाला हात जोडत होता, डोळे भरून. मला कायद्याचा राग आला, आणि खरं सांगतो, त्या भोळ्या माणसांचाही आला.

शिक्षा झाली. अध्यक्ष निकाल ऐकायलाही आले नाहीत. पोलीस त्याला दंडाला धरून गाडीकडं नेत होते, तेव्हा पायऱ्यांशी थांबलेला एक म्हातारा साक्षीदार पुढं झाला.

“सायेब, आमी बोललो त्येचा उपेग झाला ना?”

“झाला की, बाबा,” तो नेहमीसारखा मोठ्यानं म्हणाला. “लई झाला. जावा आता, धारंची येळ झाली.”

म्हातारा समाधानानं गावाकडची जीप गाठायला निघाला.