मुक्यांची रांग

कापसाचा हंगाम संपला की अकोल्यातले सरकी काढायचे जिन बंद पडायचे आणि आमच्यासारखे रिकामे लोक बँडमध्ये शिरायचे. मला वाजवता येत नव्हतं. त्याची गरजही नव्हती. लग्नघरी बँड ठरायचा तो माणसं मोजून, म्हणून मालक वाजवणाऱ्यांच्या मागे आम्हा चौघांना लाल कोट घालून उभं करायचा. हातात फुटका ट्रम्पेट. तो ओठांना लावायचा, गाल फुगवायचे, फुंकायचं मात्र नाही. आम्हाला ‘मुके’ म्हणत. बायको विचारायची, आज काय वाजवलं? मी म्हणायचो, सगळंच.

लग्नसराईत घर दिसत नसे. आज बार्शीटाकळी, उद्या अमरावती, परवा थेट बैतूलकडचा परमुलूख. वैशाखात पितळ इतकं तापायचं की ओठ पोळत. जेवण शेवटच्या पंगतीला, तोवर भाजीचा नुसता रस्सा उरलेला. लोक म्हणत, बँडवाल्यांची मजा, रोज लग्न. रोज दुसऱ्याचं लग्न, एवढंच म्हणायचं ते विसरत.

तरी मी टिकलो, तो उस्तादांमुळे. पुढच्या रांगेत ट्रम्पेट वाजवायचे ते. साठीकडे झुकलेले, घरी कोणी नाही. त्यांनी पाठवणीची धून धरली की इतका वेळ आचाऱ्यावर खेकसणारा नवरीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून रडू लागायचा. दुपारी वऱ्हाड उतरलेल्या जानोशात सगळे घोरत पडले की ते आपला चांगला ट्रम्पेट माझ्या हातात देऊन मला शिकवायचे. एकदा म्हणाले, “मी थकलो का हे जागा तुई. मालकाले सांगून ठेवलं हाय मी.” त्या एका वाक्यावर मी तीन उन्हाळे पायी चाललो.

चौथ्या उन्हाळ्यात उस्तादांचे पुढचे दात पडले. ट्रम्पेटला दातांचा आधार लागतो. सुराऐवजी नुसती हवा निघायला लागली. मालकाने बुऱ्हाणपूरहून एक जवान वाजवणारा आणला आणि उस्तादांच्या हातातला ट्रम्पेट त्याला दिला. बाजा मालकाचाच होता. मी तणतणत मालकाकडे गेलो.

“तुले कोनं सांगतलं जागा तुई म्हणून?” तो म्हणाला. “तू मांगंच बरा हाईस.”

उस्तादांना त्याने लाल कोटासकट माझ्या शेजारी उभं केलं. मुक्यांच्या रांगेत. माझा जीव जळत होता. त्यांच्या फुटक्या ट्रम्पेटवर बोटं मात्र बरोबर पडत होती, आणि ती बघवत नव्हती.

मग भातकुली गावातलं लग्न आलं. पाठवणीच्या वेळी नवरीचा बाप आमच्या रांगेत शिरला आणि उस्तादांपुढे हात जोडून उभा राहिला. “मोठीच्या वक्ती तुमीच वाजवलं होतं. आज लहानीले बी तसंच वाजवजा.”

उस्तादांनी तोंड मिटूनच मान हलवली. मालकाने खूण केली. बुऱ्हाणपूरवाल्याने पुढे तीच धून धरली. उस्तादांनी फुटका बाजा ओठांना लावला आणि डोळे मिटले. नवरीच्या बापाने पुढे एकदाही पाहिलं नाही. तो उस्तादांकडे बघत होता आणि ढसाढसा रडत होता. धून संपल्यावर त्याने आपला शेला त्यांच्या गळ्यात घातला.

“तसाच दम हाय अजून तुमचा,” तो म्हणाला.

उस्ताद वाकले. तोंड उघडलं नाही.

परतताना बैलगाडीत मी त्यांच्याजवळ बसलो. राहवलं नाही म्हणून विचारलं, “उस्ताद, आता माझ्या शिकण्याचं काय?”

त्यांनी शेल्याची नीट घडी घातली. मग पडलेल्या दातांच्या फटीतून शब्द सांडत म्हणाले, “तू गाल लई फुगवून राहिला. लोकाले समजते. उद्यापासून जरा कमी फुगवजो.”

पुढच्या लग्नात मी गाल कमी फुगवले.