सतरंजीवर बसणार न्हाई

"बस खाली," सरपंच म्हणाला. "सभा हाय ही, बाजार न्हाई."

मी उभीच. ग्रामपंचायतीच्या खोलीत सगळे मेंबर खुर्च्यांवर. मी बी मेंबरच. नव्वदनंतर बायांना राखीव जागा आल्या, तवा निवडून आलेली. पण बौद्धवाड्यातली बाई शेजारी खुर्चीवर बसली तर ह्यांचं नाक कापलं गेलं असतं. म्हणून माझी जागा दाराशी, सतरंजीवर, चपलांच्या शेजारी.

आधीच्या सभांना बसले की मी. बसलं की मांड्यांच्या मधी आग. मिरची चोळल्यागत. लुगडं लागलेलं सोसायचं न्हाई. दात खाऊन बसायची. ठरावात काय हाय ते कानात शिरायचंच न्हाई, आन् हे सही घेऊन मोकळे. ह्यांना तेच पायजे व्हतं.

दौंडच्या डॉक्टरनं तपासलं बी न्हाई. भरल्या दवाखान्यात मोठ्यानं म्हणाला, "नवरा कुठं तोंड मारतो? तुमच्या लोकांत हेच." नवरा बाहेरच्या बाकावर. सगळं ऐकलं त्यानं. घरी आल्यावर बरेच दिवस माझ्याशी बोलला न्हाई. मलाच माझी किळस वाटायला लागली.

मग पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईनं कापसाची काडी हळूच लावून कुठं दुखतं ते बघितलं. बसल्यावर वाढतं, उभं राहिलं की कमी, एवढं सांगितल्यावर म्हणाल्या, "हा घाण रोग नाही. नस दुखतेय. बसलं की दाबली जाते." मी ढसाढसा रडले. मग राग आला. असला राग मला आधी कवा आला नव्हता.

त्याच रागानं त्या दिवशी उभी व्हते.

"माझी नस दुखती," मी म्हणाले. "लाजायचं काय त्यात? मी उभी ऱ्हाणार. ठराव मोठ्यानं वाचा."

ग्रामसेवकानं कागद उचलला. ठराव वाचला तवा कळलं, आमच्या वाड्याचा मसणवटा सरपंचाच्या भावाच्या रानाला जोडायचा. माझा बाप तितंच जाळलाय. बसले असते तर सही केली असती मी.

मी सही केली न्हाई.

सरपंच हळूच म्हणाला, "बाई, वाड्यावर बाकीचे बी ऱ्हात्यात. इचार कर."

दिवस मावळायला त्याचा ट्रॅक्टर मसणवट्याच्या कडंला येऊन लागला. नांगर जोडलेला. ड्रायव्हर उतरला न्हाई, इंजिन बंद केलं न्हाई. वाड्यातली दारं एकेक करून लागली. नवरा म्हणाला, आत ये. मी गेले न्हाई.

खाली आग व्हतीच. ती आजबी हाय. मी चालत गेले आन् नांगरापुढं उभी ऱ्हायले. बसायचं तर मला जमतच न्हाई.