पापुद्रे सुटणारा दगड

अगं, जरा कान इकडं कर. महिनोन्‌महिने आत्याकडं फिरकत नाहीस, शोभतं का तुला? आज कांदा सोलला आन् त्या वासानं तुझी अकरावीतली भूगोलाची सहल आठवली. पडेगावच्या पुढं डोंगराच्या उतारावर ऊन लई तापलेलं, मातीत गोल गोल गोटे रुतलेले, आणि सोबतीला आलेल्या बायकांत बसून मी तुम्हा पोरींच्या भाकरीसाठी कांदा चिरत होते. "हे गोटे गोल कशानं झाले?" तुमच्या भूगोलाच्या बाईंनी विचारलं. तू ठसक्यात म्हणालीस, "नदीनं! माझ्या आत्यानं सांगितलंय, तिनं लई वाचलंय." बाईंनी एका गोट्यावर अंगठा दाबला, तर वरचा पापुद्रा गळाला, त्याखालचाही गळाला, आत टणक गाभा राहिला. "इथं नदी नव्हतीच. ऊनपावसानं खडक जागच्या जागी असा सुटत जातो." पोरी खिदळल्या, "आत्याची नदी आटली गं! कोण ही आत्या?" तू एकदाच माझ्याकडं पाहिलंस. "मीच ती" म्हणायचं सोडून मी खाली मान घालून कांदा चिरत राहिले. "लांब, पिशोर गावाला असते," तू खोटंच सांगितलंस, आणि जेवताना परक्यासारखा हात पुढं केलास, "काकू, कांदा द्या ना." त्या 'काकू'नं माझे कान अजून तापतात बघ. लवकर ये, बाई. तुझ्या मैत्रिणींनाही आण, त्याच उतारावर जाऊ. दगड तू सोल, आणि सगळ्यांदेखत मला आत्या म्हण.