बाबांनी बदललेला बर्फातला शेवट

बाबा आज सकाळी गेले. आणि रडू येण्याआधी मला आठवला एक इंग्रजी सिनेमा, ज्याचा शेवट त्यांनी मला आयुष्यभर खोटा सांगितला.

सांगते.

बाबा रेल्वेत क्लार्क. माझ्या जन्माआधी इथल्या, रायपूरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये महिन्यातून एकदा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. एकदा कुठून तरी फार जुना बोलपट आला. सिनेमाला नुकताच आवाज फुटला होता, त्या काळातला.

नागपूर-वर्ध्याकडून आलेल्या आमच्या मंडळींना ते इंग्रजी कुठलं कळायला? म्हणून पडद्याशेजारी स्टूलवर बाबांना उभं केलं. पात्रं बोलली की बाबा मराठीत सांगायचे.

गोष्ट साधी होती. उत्तरेकडचं बर्फाचं रान. लाकडाची एक खोपी. सापळे लावून जनावरं धरणारा म्हातारा, त्याचा पाय मोडलेला. सोबत त्याची एकुलती मुलगी. दार अर्धं बर्फात गाडलेलं. आत शेकोटी. ती विझली की संपलं.

शेवटी मुलगी कुत्र्यांच्या गाडीवर उभी राहते आणि निघते.

बाबांनी सांगितलं, "पोरगी औषध आणाले चालली. परत येते. बापाले सोडत नाही."

हॉलभर टाळ्या.

लहानपणी लाइट गेली की मी हीच गोष्ट मागायची. मे महिना, अंग घामानं चिंब, आणि बर्फाची गोष्ट.

"मग आली ती परत?"

"आली नं वो. नाही तं आग कोण सांभाळते?"

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं. सगळं जग इकडे येत होतं. साहेब, ऑफिसं, लाल दिव्याच्या गाड्या.

त्याच वर्षी मला पुण्याच्या एका प्रकाशनाकडून नोकरीचं पत्र आलं. आणि त्याच वर्षी आई गेली.

बाबा 'जाऊ नको' म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाय बाप्पा. तुले जसं वाटते तसं."

मी पत्र कपाटात ठेवलं. गॅसवर चहा ठेवला.

मग समता कॉलनीतला हा फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मग बाबांची उजवी बाजू गेली, आणि जिना आम्हा दोघांसाठीही संपला. भाजी आणायला उतरले तरी मी घड्याळ बघायची. जे काही लिहिलं ते ओट्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

खिडकीत रोज सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ साचायची. बाबा डाव्या हाताच्या बोटानं तिच्यात रेघ ओढायचे. "हे पाय, आपला बर्फ."

मी हसायची. कधी त्या धुळीवर ओरडायची. खरं तर त्यांच्यावर.

लिहिताना लाज वाटतेय. पण आज खोटं नको.

दोन वर्षांपूर्वी तो सिनेमा मला मोबाइलवर सापडला. बाबांची आंघोळ-मालिश करायला येणारी दुलारीदीदीही बघायला बसली. वाऱ्याची नुसती खरखर. पात्रं माइकला घाबरल्यासारखी एकेक शब्द ठेवून बोलत होती.

शेवट आला. म्हातारा मुलीला म्हणाला, परत येऊ नको. ती दारातून बाहेर पडली. मग तो सरपटत शेकोटीपाशी गेला आणि किटलीतलं पाणी आगीवर ओतलं. स्वतःशीच म्हणाला, धूर दिसला तर ती मागं वळेल.

दुलारीदीदी किंचाळली, "अई! आगी काबर बुझा दिस? डोकरा मर जाही!" आग का विझवली, म्हातारा मरेल की!

मी बाबांकडे पाहिलं. "तो तर परत येऊ नको म्हणतोय. तुम्ही औषध सांगितलं होतं."

"मले माहीत होतं." जीभ जड होती, तरी शब्द स्वच्छ आले.

"मग खोटं काहून सांगितलं?"

"समोर बायाबापड्या बसल्या होत्या, पोट्ट्या मांडीवर घेऊन. बापच पोरीले जाय म्हणते, हे कसं सांगू? स्टूलावरून खाली ओढलं असतं मले!"

आम्ही दोघी हसलो. बाबा हसले नाहीत.

"हॉलमधी लोकाइले भेलो," ते म्हणाले. "घरी तुले भेलो. जाशील म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्मान निघालं. "उद्यापासून डबा लाव. घरात गॅस पेटवाचा नाही."

"माझ्या हातचं आवडेनासं झालं का?"

"तसं नाही वो."

"मग?"

त्यांनी खिडकीतल्या धुळीत एक रेघ ओढली.

चार दिवस डबा आला. पाचव्या दिवशी मी तो बंद केला आणि वरण लावलं. शिट्टी झाली तसं बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

मला कळलं होतं, बाबा शेकोटी विझवत होते. कळलं नाही असं मी दाखवलं.

वीस वर्षं ज्या दाराला दोष दिला, ते त्यांनी उघडलं तेव्हा मलाच बाहेरच्या थंडीची भीती वाटली.

आज घरात गॅस बंद आहे. सुतक. शेजारच्या भाभींनी डबा पाठवलाय, तो तसाच आहे. बाबांच्या जागेवर दिवा आहे. आत्या बजावून गेली, दहा दिवस विझू देऊ नको.

हव. सांभाळीन. ते काम मला चांगलं येतं.

तेरावं झालं की पुण्याला मैत्रिणीकडे. तिकीट आत्ताच काढलं, नाही तर उद्या काढणार नाही, स्वतःला ओळखते मी. पुढचं काही ठरलेलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी कुत्री जुंपतेय, बाबा.

मी वळून पाहीन. तेवढं चालेल ना? धूर नसेल, हे माहीत आहे.

निघताना 'येते' म्हणायची आपल्या घरची रीत. तुम्हीच लावलेली. त्या दिवशी तुमच्या फोटोसमोर ती मोडणार आहे. आत्ता इथे एकदा म्हणून बघते.

जाते, बाबा.