पेपराला निघालेली मुलगी

कशेळ्याहून कर्जतला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, या भरवशावर मी सीटवर पिशवी ठेवून चहाला उतरलो. परतलो तेव्हा जीप खच्चून भरली होती आणि फक्त माझ्यासाठी खोळंबली होती.

"या काका, अख्खी किटली संपवलीत काय?" ड्रायव्हर म्हणाला.

शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. दहावीची सराव परीक्षा, कर्जतला पेपर. तिचा गुडघा सारखा हलत होता. पेनाचं टोपण काढायची, लावायची. दर वळणाला घड्याळ बघायची, मग माझ्याकडे. तिला जरा हलकं वाटावं म्हणून मी विचारलं, "टीव्हीवर बातम्या बघतेस का? कुठला पक्ष आवडतो?"

"आजोबा लावतात म्हणून दिसतात," ती म्हणाली. "रोज भांडतात सगळे. आमची सकाळची एसटी बंद हाय, तिच्यासाठी एकजण भांडत नाय. जो भांडेल, तो माझा पक्ष."

कर्जतला जीप नीट थांबायच्या आत ती उडी मारून पळाली.

घरी चहापासूनचा सगळा किस्सा सांगून मी कौतुकाने म्हणालो, "ही पोरगी एक दिवस विधानसभेत पोचणार बघ."

बायको म्हणाली, "वाटेत तुम्ही भेटला नाहीत, तर वेळेवर पोचेल."